कागदावरचे सैनिक आणि बुबुळाची नक्षी

2014 च्या नोव्हेंबरअखेरीस इराकचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी जाहीर केले, की सैन्याच्या पगारपत्रकावरील पन्नास हजार सैनिक प्रत्यक्षात अस्तित्वातच नाहीत. अफगाणिस्तानात सैन्याचा पगार मुख्यतः परदेशी मदतीतून होत असे आणि तिथे अशा सैनिकांना ‘खयाली’ म्हणत. मेलेल्या किंवा पळून गेलेल्या माणसाचे नाव मस्टरवर तसेच ठेवायचे आणि पगार वरच्या अधिकाऱ्याने उचलायचा, अशी ही रीत होती. त्यावर ‘बायोमेट्रिक आणा, बोगस नावे आपोआप गळतील’ असे ठासून सांगितले जाते. हा दावा अर्धाच खरा आहे.

खरा अर्धा भाग मोठा सुंदर आहे. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी बुबुळावरील नक्षी 2048 बिटांच्या, म्हणजे 0 किंवा 1 अशा अंकांच्या, संकेतात उतरवण्याची पद्धत शोधली. दोन संकेत शेजारी ठेवून किती बिट जुळत नाहीत, एवढेच मोजायचे. दोन भिन्न बुबुळांत सुमारे निम्मे बिट वेगळे निघतात, तर एकाच बुबुळाच्या दोन छायाचित्रांत त्याहून बरेच कमी. शेजारचे बिट एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे ही तुलना 2048 नव्हे, तर सुमारे 249 वेळा नाणे उडवण्याइतकी ठरते. तरीही त्यांपैकी एक तृतीयांशाहून कमी वेळा छाप पडणे, म्हणजे दोन भिन्न बुबुळे चुकून एकच वाटणे, अत्यंत दुर्मीळ असते. पण तीन लाखांच्या सैन्यात एकच माणूस दोन नावांनी नाही ना, हे पाहायचे तर प्रत्येकाची इतर प्रत्येकाशी तुलना हवी, म्हणजे सुमारे 4500 कोटी जोड्या. दहा लाखांत एक चूक करणारे यंत्रही इथे 45,000 निरपराध जोड्यांवर संशय घेईल. म्हणूनच मोठ्या यादीसाठी जुळणीची मर्यादा आणखी कडक करावी लागते.

मात्र या गणिताने पकडली जाते ती दुबार नोंद. नोंदणीनंतर पळून गेलेल्याचे बुबुळ संगणकात अगदी खरेच राहते. अफगाणिस्तानात बायोमेट्रिक नोंद ‘तश्कील’मधील, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यातील, एकेका जागेशी जोडण्याचा प्रयत्न झाला, पण जागेवर माणूस आज हजर आहे, हे कळवणारा त्याचा कमांडरच होता. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात युरोपीय संघाच्या 2005 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेने सैनिकांची शिरगणती केलीच, शिवाय हुकमाची साखळी आणि पगाराची साखळी वेगळी करण्यावर भर दिला. माझ्या मते यंत्रापेक्षा हा विचार अधिक मोलाचा आहे.

2009 मध्ये अफगाणिस्तानातील वर्दक प्रांतात काही पोलिसांचा पगार थेट मोबाइलवर पाठवला गेला, तेव्हा पगारवाढ झाली असे त्यांना वाटले. वास्तविक पूर्ण पगार प्रथमच हाती पडला होता. त्यावर तिथल्या एका कमांडरने शिपायांचे फोन व पिन मागून घेतले आणि सगळ्यांचे पगार स्वतः उचलण्याचा प्रयत्न केला. पिन असा दुसऱ्याच्या हाती देता येतो, डोळा देता येत नाही. त्यामुळे बुबुळाची जुळणी नोंदणीच्या दिवशी एकदाच न करता दर पगाराला व्हायला हवी, आणि ती करणारा माणूस त्या कमांडरच्या हाताखालचा नसावा.