मियाकेजिमा : एकाच घरातले दोन आकडे

मियाकेजिमाच्या लोकांना ज्वालामुखी नवा नव्हता. टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १८० किलोमीटरवर असलेल्या या बेटावर १९४०, १९६२ आणि १९८३ साली उद्रेक झाले. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये लाव्हाने आको गावातली शेकडो घरं आणि शाळा गाडली, पण जीव एकाचाही गेला नाही. ओयामा डोंगर वीसेक वर्षांनी जागा होतो, लाव्हा येतो, थिजतो आणि माणसं शेजारच्या जागेवर पुन्हा घर बांधतात, असा बेटावरचा अनुभव होता. २००० साली तो कामाला आला नाही. या वेळी संकट थिजून संपणारं नव्हतं.

२६ जूनला भूकंपांची मालिका सुरू झाली. ८ जुलैला शिखरच आत खचलं आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे सुमारे दीड किलोमीटर रुंदीचा खड्डा तयार झाला. १८ ऑगस्टला मोठा स्फोट झाला. २९ ऑगस्टला राखेचा ढग उतारावरून घसरत समुद्रापर्यंत आला, आणि त्याच दिवशी शाळकरी मुलांना बेटाबाहेर काढण्यात आलं. १ सप्टेंबरला सगळं बेट रिकामं करायचा निर्णय झाला. दोन-तीन दिवसांत सुमारे ३,८०० रहिवासी बोटीने निघाले. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे असं वाटून कित्येकांनी हातात मावेल एवढंच सामान घेतलं होतं. परतायला साडेचार वर्षं लागली.

मुलांची सोय टोकियोच्या पश्चिमेकडच्या एका निवासी शाळेत झाली. त्यात प्राथमिक शाळेतली लहान मुलंही होती. आई-वडिलांना मिळेल तिथे सरकारी वसाहतींत खोल्या मिळाल्या, एक कुटुंब महानगराच्या या टोकाला तर शेजारी त्या टोकाला. कोण कुठे गेलं हे कळावं म्हणून विस्थापित बेटकऱ्यांची टेलिफोन डिरेक्टरी छापावी लागली. कालपर्यंत कुंपणावरून हाक मारली की ज्यांची ओ यायची, त्यांचे नंबर आता पुस्तकात शोधायचे. हळूहळू पालक मुलांना आपल्याजवळ, नव्या पत्त्यालगतच्या शाळांत नेऊ लागले आणि त्या निवासी शाळेतली पटसंख्या रोडावली. कुटुंबं पुन्हा एकत्र आली, पण बेटाची शाळा विरत गेली.

बेटावर घरं होती तिथेच होती. बाहेर मात्र वायू सुटत होता. २००० च्या अखेरच्या महिन्यांत सल्फर डायऑक्साइड दिवसाला हजारो नव्हे, काही दहा हजार टनांनी बाहेर पडत होता. पन्हळी पत्रे गंजून चाळण झाले. झाडं वाळल्यामुळे उघड्या पडलेल्या उतारांवरून पावसात राखेचा चिखल रस्त्यांवर आणि घरांत शिरला.

२००५ च्या १ फेब्रुवारीला परतीची परवानगी मिळाली तेव्हाही वायू थांबलेला नव्हता. अजून दिवसाला २,००० ते ५,००० टन बाहेर पडत होता. म्हणजे हा निर्णय धोका टळला म्हणून झालेला नव्हता. धोका ओळखून, काळजी घेऊन राहता येईल, असं त्यामागचं म्हणणं होतं. त्या काळातल्या कागदपत्रांत एक शब्द सारखा भेटतो. त्याचं मराठी करायचं तर ‘अतिसंवेदनशील व्यक्ती’ असं होईल. दमेकरी, श्वसनाचे आणि हृदयाचे रुग्ण, तान्ही मुलं, गरोदर स्त्रिया या त्यात येतात.

इशाऱ्यांच्या चार पायऱ्या याच शब्दावर उभ्या होत्या. हवेत वायूचं प्रमाण ०.२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.२ भाग) झालं की पहिला इशारा आणि ०.६ ला दुसरा. हे दोन्ही फक्त अतिसंवेदनशीलांसाठी होते. बाकीच्यांसाठी इशारा सुरू व्हायचा तो २ पीपीएमला, आणि ५ ला सर्वांनी सुरक्षित जागी जायचं. जपानचं हवेच्या गुणवत्तेचं मानक तासाच्या सरासरीला ०.१ पीपीएम आहे आणि हे बेट प्रशासकीयदृष्ट्या टोकियोचाच भाग आहे. एकाच महानगराच्या हद्दीत मुख्य भूमीवर ०.१ ही मर्यादा, आणि बेटावरच्या धडधाकट माणसाला तिच्या वीसपट होईपर्यंत इशारा नाही. तीव्र, थोडा वेळ येणाऱ्या झोतांसाठी वेगळे आकडे ठरवावे लागतात, हे मान्य. पण धडधाकट कोण हे ठरवायचं काम घरात आलं, आणि याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही असं मला वाटतं.

दम्याचं एक मूल असलेल्या घराचं उदाहरण घ्या. ०.३ पीपीएमला इशारा आला, तर तो त्या मुलापुरता. मोठा भाऊ अंगणात राहू शकतो, धाकट्याने आत यायचं. आई-वडिलांनी शेतावर, मासेमारीला जायचं की घरी थांबायचं, हे त्या यंत्रणेत कुठेच लिहिलेलं नाही. कागदावर संवेदनशील एक माणूस असतो, प्रत्यक्षात सगळं घर त्याच्या तालावर चालतं. अशा घरांपुढे दुसरा मार्ग होता तो न परतण्याचा.

परतलेल्यांना गॅस मास्क जवळ बाळगणं गावाच्या नियमाने बंधनकारक होतं. मुलाच्या दप्तराला पाण्याच्या बाटलीसारखी मास्कची पिशवी लटकलेली असायची, आणि डब्यासारखी तीही विसरून चालत नसे. वायूची बातमी लाऊडस्पीकरवरून यायची, त्यामुळे सकाळी वाऱ्याची दिशा आधी बघितली जाई. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की वायू पूर्वेकडच्या त्सुबोता-मिइके भागावर उतरे. तिथला आणि आकोच्या बाजूचा काही भाग जास्त प्रमाणाचा ठरवून राहण्यासाठी बंद ठेवला गेला. त्या घरांच्या मालकांना बेटावर येऊनही आपल्या घरी झोपता येत नव्हतं.

विमानतळ याच पट्ट्यात. विमानं २००८ मध्ये पुन्हा सुरू झाली, तोवर मुख्य आधार रात्रीच्या बोटीचा होता. पुढच्या दशकात वायू बराच ओसरला आणि बंद भाग टप्प्याटप्प्याने उघडले गेले. तीन गावांच्या वेगवेगळ्या प्राथमिक शाळा मात्र २००७ मध्ये एकत्र झाल्या होत्या. वस्ती २,५०० च्या आसपास येऊन आणखी घटत गेली. परत न आलेल्यांत लहान मुलांची घरं किती, हा आकडा इशाऱ्यांच्या चार पायऱ्यांमध्ये बसत नाही.