पाहणीआधी काठ साफ करू नका
(नदी, ओढा किंवा नाल्याला लागून जमीन असलेल्या ग्राहकांसाठी)

काठावर रोपं लावण्याआधी आम्ही काठाची पाहणी करतो, त्याला गुण देतो आणि अहवाल देतो. पाहणीची तारीख ठरली की बरेच जण आदल्या दिवशी जेसीबी लावून काठ "स्वच्छ" करून ठेवतात. हेतू चांगला असतो, पण त्यानंतर आम्हाला मोजायला उघड्या मातीशिवाय काही उरत नाही. अशा काठाचा अहवाल आम्ही देत नाही. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो, म्हणजे तुमचं लागवडीचं एक वर्ष गेलं. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र पाळा: आम्ही येऊन जाईपर्यंत तोडणी नको, जाळणं नको, सपाटीकरण नको.

काठ म्हणजे आमच्या लेखी नुसती पाण्याची कड नव्हे. पाण्यापासून ते नेहमीचा पूर जिथवर चढतो तिथवरचा सगळा पट्टा त्यात येतो. शेतातून वाहून येणारी माती आणि खत हाच पट्टा अडवतो. दरड, म्हणजे काठाची उभी कड, धरून ठेवतो तोही हाच. कृष्णा-वारणेकाठच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, की काळ्या जमिनीत दरड बहुतेक वेळा पूर चढताना जात नाही, उतरताना जाते. माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि बाहेरून टेकू देणारं नदीचं पाणी एकदम खाली जातं. तेव्हा मातीला धरून ठेवायला फक्त मुळं असतात. उसाची किंवा हंगामी गवताची मुळं तेवढी खोल जात नाहीत. वाळुंज, करंज, उंबर, निर्गुडी, वाळा यांची जातात. खडकाळ पात्रातली शेरणी पुरात आडवी होते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभी राहते. तिला निरुपयोगी झुडूप समजून उपटू नका.

गुण देताना आम्ही स्पेनमधल्या कॅटालोनियात तयार झालेल्या क्यूबीआर पद्धतीचा (नदीकाठच्या झाडीचा दर्जा गुणांनी मोजण्याची पद्धत) सांगाडा वापरतो, झाडांची यादी मात्र आपल्याकडची. साधारण १०० मीटरचा एक टप्पा, दोन्ही काठ धरून. आच्छादन, रचना, झाडांचा दर्जा आणि पात्रात माणसाने केलेले बदल असे चार भाग, प्रत्येकाला २५ गुण. ९५ किंवा जास्त म्हणजे काठ जवळपास नैसर्गिक, २५ किंवा कमी म्हणजे पार बिघडलेला. "सगळं हिरवंगार आहे, तरी गुण कमी कसे?" हा प्रश्न इथेच सुटतो. आच्छादनात वर्षभरात मरणाऱ्या वनस्पती धरत नाहीत. गाजरगवताने भरलेला काठ ऑक्टोबरात हिरवा दिसतो आणि मार्चमध्ये बोडका होतो. टिकाऊ आच्छादन ८० टक्क्यांच्या वर असेल तर त्या भागात २५ गुण, ५० ते ८० असेल तर १०. मधली पायरी नाही, त्यामुळे थोडी तोडही महागात पडते.

आता साफसफाईने नेमकं काय जातं ते पाहा. गुडघ्याखालची करंज-जांभळाची रोपं जातात. काठ स्वतःहून सावरतोय की नाही हे आम्ही त्यांच्यावरूनच ओळखतो. फांद्यांत अडकलेला पाचोळा आणि प्लास्टिक जातं, म्हणजे पूर कुठवर आला याची खूण पुसली जाते. जनावरांच्या पाणवठ्याची वाट, दरडीखाली पाण्याने कोरलेली खोबण हेही मातीखाली दबतं. आणि मोकळ्या झालेल्या जागेत सगळ्यात आधी बेशरम येतो. त्याची खोडं तुकडे करून काठावरच टाकली, तर ओलीत प्रत्येक पेराला मुळं फुटतात. पुरात वाहून गेलेला तुकडा खालच्या शेजाऱ्याच्या काठावर रुजतो. काढायचाच तर पाहणीनंतर, मुळासकट काढा आणि पाण्यापासून लांब, माळावर नेऊन वाळवा.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून "अंदाजे सांगा" म्हणणाऱ्यांनी रागावू नये. फोटोत खोबण दिसत नाही, ती काठी आत घालूनच मोजावी लागते. खोलीकरण झालेला ओढाही फोटोत छान दिसतो. प्रत्यक्षात पात्र इतकं खाली गेलेलं असतं की पुराचं पाणी काठावर चढतच नाही, आणि वरची झाडं हळूहळू वाळायला लागतात. तिथे रोपं लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी काठाचा उतार नीट करावा लागतो. म्हणून पाहणीशिवाय आम्ही रोपांचा आकडा देत नाही. पाहणीचं शुल्क वेगळं आहे. रोपं आमच्या रोपवाटिकेतून घेतलीत तर ते बिलातून वजा होतं.

पाहणीसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. पुराच्या खुणा ताज्या असतात आणि पाणी उतरलेलं असतं. एप्रिल-मेमध्येही येतो, पण गवत वाळल्याने उघडी जमीन खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते आणि ते लक्षात घेऊन मोजावं लागतं. भर पावसात येत नाही.

पूररेषेबद्दल एक खुलासा, कारण त्यासाठी फार फोन येतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या जलसंपदा विभाग आखतो. आमच्या अहवालाने त्या हलत नाहीत, आणि बांधकाम परवानगीसाठी आमचा अहवाल चालत नाही.

लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. पाण्यालगत वाळ्याचे ठोंब १० ते १५ सेंटीमीटरवर, सलग ओळीत आणि उताराला आडवे; अंतर वाढवलंत तर पाणी मधून वाट काढतं. उतारावर निर्गुडी आणि वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या काड्या, दोन फूट लांब, त्यातला दोन तृतीयांश भाग जमिनीत. डोळे वरच्या बाजूला, उलटी काडी फुटत नाही. करंज, जांभूळ, उंबर माथ्यावर. उभ्या दरडीच्या कडेला मोठं झाड लावू नका, त्याच्या वजनानेच दरड सुटते. काड्या आम्ही सकाळी तोडून ओल्या गोणपाटात देतो, त्या दुसऱ्या दिवसापर्यंत लागल्या पाहिजेत. पहिली दोन वर्षं जनावरं आत येऊ देऊ नका, त्यांच्यासाठी पाण्याला एकच वाट ठेवा.

नोंदणी करताना सातबारा, गटाचा नकाशा आणि काठाचे चार फोटो पाठवा: दोन प्रवाहाच्या वरच्या टोकाकडून, दोन खालच्या. काठ आहे तसाच हवा.