शोध व जुळणी सिद्धांत

काम शोधणारी माणसे आणि माणसे शोधणारे मालक श्रमबाजारात एकाच वेळी का आढळतात, याचे स्पष्टीकरण देणारा अर्थशास्त्रातील सिद्धांत. पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस हे त्याचे प्रमुख शिल्पकार असून २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून देण्यात आले.

मागणी-पुरवठ्याच्या परिचित आकृतीत वेतन लवचिक असले की बेरोजगारी उरत नाही. प्रत्यक्षात मात्र योग्य उमेदवार आणि योग्य जागा यांची गाठ पडण्यास वेळ व खर्च लागतो. ही अडचण ‘जुळणी फलना’ने मांडली जाते : बेरोजगारांची संख्या आणि रिक्त जागांची संख्या यांवरून ठरावीक काळात किती नेमणुका होतील, हे ते सांगते. गाठ पडल्यावर जो लाभ निर्माण होतो, त्याची वाटणी दोन्ही पक्ष घासाघीस करून ठरवतात आणि त्यातून वेतन निश्चित होते.

येथे बेरोजगारी हा साचलेला आकडा नसून दोन प्रवाहांचा परिणाम असतो. समजा, दरमहा २ टक्के नोकरदारांची नोकरी जाते आणि ३८ टक्के बेरोजगारांना ती मिळते; तर बेरोजगारीचा दर ५ टक्क्यांवर स्थिरावतो. नोकऱ्या जाण्याचे प्रमाण तेच राहून मिळण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवर आले, तर तो १० टक्के होतो, म्हणजे एकही जादा माणूस कामावरून न काढता दुप्पट. नोकऱ्या जाण्याचे प्रमाणही प्रतिमानातूनच (सिद्धांताच्या गणिती रूपातूनच) ठरावे, अशी मांडणी मॉर्टेन्सन आणि पिसारिडिस यांनी १९९४ च्या शोधनिबंधात केली. रिक्त जागा वाढल्या की बेरोजगारी घटते, हा ‘बेव्हरिज वक्र’ नावाने ओळखला जाणारा संबंधही या चौकटीत आपसूक बसतो.

तेजी-मंदीच्या कसोटीवर मात्र सिद्धांत अडखळला. रॉबर्ट शायमर यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेत रिक्त जागांचे बेरोजगारांशी असलेले गुणोत्तर श्रम-उत्पादकतेच्या सुमारे २० पट हेलकावते, तर प्रतिमानानुसार दोहोंचे चढउतार जवळपास सारखेच असायला हवेत. उत्पादकता वाढली की वेतनही चढते, मालकाचा जादा नफा त्यातच जातो आणि नव्या जागा काढण्याचे कारण उरत नाही, हे यामागील मर्म होय. त्याच वर्षी रॉबर्ट हॉल यांनी वेतन ताठर, म्हणजे उत्पादकतेबरोबर लगेच न बदलणारे, मानून यावर तोड सुचवली. हागेडॉर्न व मानोव्स्की यांनी २००८ मध्ये दुसरी वाट धरली. बेकारीत असताना कामगाराला भत्ता, विश्रांती आदींतून मिळणारे मूल्य शायमर यांनी उत्पादकतेच्या ४० टक्के मानले होते. या दोघांनी ते सुमारे ९५ टक्क्यांवर नेले. असे मानले की मालकाचा नफा मुळातच अल्प राहतो आणि उत्पादकतेतील थोड्या बदलानेही तो मोठ्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे आकडे जुळतात खरे, पण मग नोकरी जाण्याने कामगाराचे फारसे बिघडत नाही असा अर्थ निघतो, आणि तो पटण्यास जड आहे.