लेख छापू देणं वेगळं, लेख देऊन टाकणं वेगळं

इंदुरात मराठीत लिहिणाऱ्याचा वाचक बऱ्याचदा इंदुरात नसतो. सराफ्यातल्या, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, गराडूवर लिहा. इथला माणूस म्हणणार, ‘यात काय नवीन?’ पुण्याच्या वाचकाला मात्र कंदाचे तुकडे दोनदा तळून वर जीरावन मसाला नि लिंबू म्हणजे काय, याचं कुतूहल. त्यामुळे तिकडच्या एखाद्या संकेतस्थळाने ‘आपला लेख साभार घेऊ का?’ असं विचारलं की आपण खूश होऊन ‘जरूर घ्या’ म्हणतो. द्यावाच, माझंही मत तेच. फक्त देण्याचे दोन प्रकार आहेत आणि पाठवलेल्या फॉर्मवर ते जवळजवळ सारखेच दिसतात.

एक, परवानगी. लेख तुमचाच राहतो. समोरचा तो ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या ठिकाणी छापतो. परवानगी फक्त त्यालाच, असं कबूल केलं नसेल तर तोच लेख दिवाळी अंकाला द्यायला किंवा पुढे पुस्तकात घ्यायला तुम्ही मोकळे.

दुसरा प्रकार हक्कांच्या हस्तांतरणाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्याला लेखी कागद आणि सही लागते. सही झाली की जेवढा हक्क दिला, तेवढ्यापुरता मालक समोरचा. मग स्वतःचाच लेख दुसरीकडे छापायला त्याची परवानगी मागत बसा! लेखक म्हणून नाव सांगण्याचा हक्क तेवढा कलम ५७ मुळे हस्तांतरणानंतरही तुमच्याकडे राहतो. कागदावर मुदत नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारत. पण फॉर्म तयार करणारे हे जाणून असतात. ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द बारीक अक्षरांत कुठे आहेत, ते आधी शोधा.

परवानगीत फायदा उघड आहे: नवे वाचक, नाव, आणि मूळ लेखाकडे येणारा दुवा. तोटे हळूहळू कळतात. मोठ्या संकेतस्थळावरची प्रत शोधात वर येते आणि मूळ लेख मागे पडतो. एकसारखा मजकूर दोन ठिकाणी दिसला म्हणून गूगल शिक्षा करतं, हा समज चुकीचा आहे. ते बहुधा एकच प्रत निवडून दाखवतं, आणि ती तुमचीच असेल असं नाही. छापणाऱ्याने आपल्या प्रतीवर ‘कॅनॉनिकल’ ही खूण टाकून गूगलला मूळ लेखाचा पत्ता सांगायचा, हा उपाय पूर्वी सर्रास सुचवला जाई. पण ती खूण गूगलसाठी नुसती सूचना आहे, हुकूम नव्हे. शिवाय दोन्ही पानांची मांडणी बरीच वेगळी असते, म्हणून ती सूचना मानली जाईलच असं नाही. २०२३ मध्ये गूगलने आपल्या मार्गदर्शनात हा उपाय अशा पुनर्प्रकाशनासाठी योग्य नसल्याचं म्हटलं. त्याऐवजी छापणाऱ्याने आपलं पान ‘नोइंडेक्स’ करावं, म्हणजे ते शोधात येणारच नाही. जाहिरातींवर चालणारं संकेतस्थळ याला सहजी तयार होत नाही, हेही खरं. तिथे निदान आपला लेख आधी येऊ द्यावा आणि त्यांना काही दिवसांनी द्यावा.

दुसरा तोटा दुरुस्तीचा. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, मार्गाबद्दल लिहिताना चूक झाली, तर तुम्ही आपल्याकडे ती लगेच सुधाराल. बाहेरच्या प्रतींत ती तशीच फिरत राहील, आणि खाली नाव तुमचं.

वर्तमानपत्रं-मासिकांबाबत एक निराळीच गोष्ट आहे. चालू राजकीय, आर्थिक, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख त्यांना पुन्हा छापता येतो, लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. गराडूच्या लेखाला हे क्वचितच लागू होईल, पण इंदूरच्या स्वच्छतेवर किंवा नर्मदेच्या पाण्यावर लिहिणाऱ्याने लेखाखाली ‘पुनर्प्रकाशनाचे हक्क राखीव’ एवढी ओळ टाकावीच.

‘जरूर घ्या’ऐवजी उत्तरात हे लिहिता येईल: ‘हा लेख आपल्या संकेतस्थळावर एक वर्ष प्रकाशित करण्याची परवानगी देत आहे. ही परवानगी केवळ आपल्यालाच नाही. लेखाचे सर्व हक्क माझ्याकडे राहतील. लेखकाचं नाव आणि मूळ लेखाचा दुवा सुरुवातीलाच द्यावा, पान नोइंडेक्स ठेवावं, मी कळवलेली दुरुस्ती आठवड्याभरात करावी आणि लेख तिसऱ्या कुणाला देऊ नये.’ यातल्या नोइंडेक्सवर घासाघीस झाली तर थोडं सोडा. हक्कांच्या वाक्यावर झाली, तर लेख देऊ नका.