शेजारचा त्रास आणि कौन्सिलचं घर

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (ना-नफा गृहसंस्थेच्या) भाड्याच्या घरात राहणाऱ्याने शेजाऱ्याची तक्रार केली, की बहुतेकदा त्याच्या हाती एक कोरा तक्ता पडतो. तारीख, वेळ, काय ऐकू आलं, किती वेळ चाललं, तुम्हाला काय त्रास झाला. रात्री दोन वाजता डोक्यावर गाण्याचा ठेका धडधडत असताना उठून हे रकाने भरायचे.

१९१९च्या अ‍ॅडिसन कायद्यानंतर कौन्सिलची घरं मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. त्या काळी भाडेकरूला काढायचं तर कौन्सिलने मुदतीची नोटीस द्यायची; कोर्टात कारण सिद्ध करावं लागत नसे. १९८०च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलं आणि घर परत घ्यायला ठरावीक कारणं घातली. शेजाऱ्यांना होणारा उपद्रव हे त्यातलंच एक. हे संरक्षण हवंच होतं. पण आता पुरावा लागणार होता, आणि तो जमवायचं काम बऱ्याच अंशी ज्याची झोप उडाली त्याच्याच गळ्यात पडलं.

१९९९ साली दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये ‘अ‍ॅस्बो’ लागू झाला, म्हणजे समाजविघातक वर्तनाला मनाई करणारा कोर्टाचा आदेश. आदेश दिवाणी, पण मोडला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्याच वर्षी लंडनची साऊथवर्क कौन्सिल आणि तिचे भाडेकरू यांच्यातला खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे फ्लॅट, आवाज अडवायची कसलीच सोय नाही. पलीकडचा टीव्ही, बाळाचं रडणं, नवरा-बायकोचं भांडण, सगळं अलीकडे ऐकू यायचं. शेजारी वावगं काहीच करत नव्हते. भाडेकरू हरले: रोजचं साधं जगणं म्हणजे उपद्रव नव्हे, आणि जुन्या इमारतीत आवाज अडवायची सोय करून द्यायला कौन्सिल बांधील नाही. दांडगाई करणाऱ्यासाठी नवं हत्यार आलं, पातळ भिंतीआड राहणाऱ्याला मात्र काहीच मिळालं नाही. मला हा अन्याय वाटतो.

२००३च्या कायद्याने अशा तक्रारी कशा हाताळणार, हे धोरण जाहीर करणं सामाजिक घरमालकांना, म्हणजे कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनना, बंधनकारक केलं. तरी ऐकून घेणारं कोणी असेलच असं नव्हतं. २००७मध्ये लेस्टरशायरमधल्या एका आईने टवाळ पोरांच्या वर्षानुवर्षांच्या छळाला कंटाळून अपंग मुलीसह जीव दिला. दहा वर्षांत तिने पोलिसांना ३३ वेळा कळवलं होतं. प्रत्येक फोन सुटा धरला गेला, एकत्र जोडून कोणी पाहिलं नाही.

२०१४च्या कायद्याने अ‍ॅस्बो मोडीत काढून मनाईहुकूम आणला. त्याहून मोलाची तरतूद म्हणजे प्रकरणाच्या फेरतपासणीचा हक्क. सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या, की कौन्सिल, पोलीस आणि घरमालकाने मिळून काय केलं, याचा आढावा पीडित मागू शकतो. त्याहून जास्त तक्रारींची अट कुठेही घालता येत नाही.

भिंतींचा प्रश्न थेट हाती घेतला तो हाउसिंग ओम्बुड्समनने (अशा घरमालकांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाने), ऑक्टोबर २०२२च्या अहवालात. घरातला नेहमीचा आवाज समाजविघातक वर्तनाच्या खात्यात टाकू नका, त्यासाठी वेगळं धोरण करा, असं त्यात घरमालकांना सांगितलं. शिवाय रिकामं घर नव्या भाडेकरूला देण्याआधी वॉशिंग मशीनखाली हादरे शोषणारी चटई घालायचा आणि दारं हळू मिटतील अशी सोय करायचा विचार करा, हेही.