देवघरातला समुद्र

आमच्या आजीच्या देवघरात लिंबाएवढा एक काळा, गुळगुळीत शाळिग्राम होता. रोज सकाळी तो ताम्हणात यायचा, पळीभर पाणी, फडक्याने टिपणे, गंध आणि वर तुळशीचे पान. त्याला एका अंगाला फट होती. फटीतून डोळा बारीक करून पाहिले की आत वळत गेलेले चक्र दिसे आणि चक्राच्या कडेने आऱ्यांसारख्या बारीक रेघा. "शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही," आजी सांगायची. पुढे भूगर्भशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक हातात पडले, तेव्हा कळले की प्राण त्यात एकेकाळी खरोखरच होता.

ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा शंख. दिसायला गोगलगायीसारखा, पण नात्याने माकूल आणि ऑक्टोपसच्या जवळचा. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी हे जीव मेले, तळाच्या काळ्या चिखलात रुतले आणि त्यांच्याभोवती चिखलाचा घट्ट गोळा होऊन त्याचा दगड झाला. शाळिग्राम मिळतात ते नेपाळात, काली गंडकीच्या पात्रात. वरच्या बाजूचे मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून ३,७०० मीटरच्या आसपास उंच आहे. तिथल्या काळ्या खडकातून हे गोळे सुटतात आणि नदी त्यांना घोळवत खाली आणते. एवरेस्टच्या माथ्यावरही चुनखडक आहे, समुद्रात साचलेला, आणि त्यातही समुद्री जीवांचे अवशेष सापडतात.

समुद्राचे पाणी एवढे वर कधीच चढले नव्हते. वर आला तो समुद्राचा तळ. त्या समुद्राला टेथिस म्हणतात. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर भारत होता, आणि शाळिग्रामातले जीव त्याच किनाऱ्यालगतच्या पाण्यात राहत होते. म्हणजे हा दगड परका नव्हे. भारताने उत्तरेकडे जो प्रवास केला, तो त्याने भारताच्याच काठावर बसून केला.

भूभाग सरकतात ही गोष्ट आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. त्याच्याकडे पुरावे चांगले होते. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका इथे सापडत होते, अंटार्क्टिकातही सापडले होते. या वनस्पतीचे बी काही महासागर ओलांडून गेले नसणार. हे सगळे भूखंड एकत्र असताना जो महाखंड होता, त्याला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. जगभरच्या पुस्तकांत असलेला हा शब्द आपल्या गोंडांच्या मुलखावरून घेतलेला आहे. चंद्रपूर, उमरेडचा दगडी कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा.

वेगेनरचे अडले एकाच प्रश्नावर: एवढे खंड ढकलतो कोण? त्याने दिलेली उत्तरे लंगडी होती आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला जवळजवळ हसण्यावारी नेले. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. त्याला हसणारे मूर्ख होते असे मात्र म्हणवत नाही. कारण सांगता येत नसेल तर विज्ञानात नुसत्या योगायोगांवर भागत नाही.

उत्तर जमिनीवर नव्हतेच, ते समुद्रतळाशी होते. १९५०च्या दशकात मेरी थार्प ही अमेरिकी नकाशाकार अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढत होती. तळाशी मधोमध हजारो किलोमीटर लांब पर्वतरांग होती, आणि तिच्या माथ्यावर उभी भेग. या भेगेतून खालचा तप्त रस वर येतो, थिजतो, नवा तळ तयार होतो आणि जुना दोन्ही बाजूंना सरकतो, असे हॅरी हेस या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज या दोघांनी त्याला भक्कम आधार दिला. रस थिजताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेकडे तोंड करून बसतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. त्यामुळे भेगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे उमटतात, पैठणीच्या दोन काठांसारखे, डावीकडे तसेच उजवीकडे. त्यांनी वापरलेली मापे अरबी समुद्राच्या पलीकडे हिंदी महासागरात असलेल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची होती. भारताचा भूपट्ट आणि आफ्रिकेकडचा भूपट्ट यांचा बांध तिथेच आहे.

भूपट्ट म्हणजे इंग्रजीतली प्लेट. पृथ्वीचे कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड खडकाळ भागाचा, वरचा कडक थर मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीचे हे तुकडे बनतात. मोठे सात, बाकी लहान. शाळेत दुधावरच्या सायीचे उदाहरण देतात. मला ते पटत नाही, कारण त्यामुळे आपल्या पायाखाली लाव्हाचा समुद्र उकळतो आहे असा समज होतो. प्रावरण घन आहे. जे भूकंपतरंग द्रवातून जाऊच शकत नाहीत, ते त्यातून आरामात जातात. रस्त्याच्या कामावरचे गार डांबर आठवा. घण मारला तर ढेपेचे तुकडे उडतात, पण पिंप आडवे करून महिनाभर ठेवले तर तेच डांबर हळूहळू तोंडाशी ओघळून येते. घन असूनही वाहणे हे असे. प्रावरणाला फक्त वेळ फार जास्त लागतो.

आता वेगेनरचा अडलेला प्रश्न. समुद्रतळ भेगेपासून जसजसा दूर जातो तसतसा तो थंड, जाड आणि जड होत जातो. शेवटी एखाद्या गर्तेशी, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल चरापाशी, तो वाकून प्रावरणात बुडू लागतो, आणि बुडणारा भाग मागच्या सगळ्या भूपट्टाला ओढतो. पलंगावरची जड गोधडी एका बाजूने जरा जास्त लोंबली की उरलेली आपोआप घसरत जाते, तसे. भूपट्ट मागून ढकलले जातात त्यापेक्षा पुढून ओढले जातात, असेच आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. समुद्राचा तळ असा सतत गिळला जातो, म्हणूनच महासागरांत २० कोटी वर्षांहून जुना तळ क्वचितच सापडतो. खंडांवर मात्र ४०० कोटी वर्षांचे खडक आहेत.

भारताच्या पुढे टेथिसचा तळ होता आणि तो आशियाखाली बुडत होता. गोधडीचे लोंबते टोक ते. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटला आणि भारत उत्तरेकडे निघाला. वाटेत, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तो एका तप्त स्थळावर, म्हणजे जिथे खोलातून तप्त रस वर येत राहतो अशा जागेवर, आला. खालून लाव्हा फुटला, पुन्हा पुन्हा फुटला आणि थरावर थर चढून दख्खनचे पठार झाले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. भारत पुढे सरकला, तप्त स्थळ मागे राहिले. लक्षद्वीप आणि मालदीव ज्या समुद्रबुड्या रांगेवर उभे आहेत, ती त्याच्या वाटेची खूण. आज ते रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो.

इथे आपल्या भाषेतली म्हण अक्षरशः खरी ठरते. काळ्या दगडावरची रेघ! आपला काळा पाषाण थिजला तेव्हा त्याच्यातही चुंबकीय कण बसले. विषुववृत्तावर चुंबकसुई आडवी राहते आणि ध्रुवांकडे जावे तशी ती कलते, तेव्हा या कणांच्या कलावरून दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते. १९५०च्या दशकात लंडनहून आलेल्या एका गटाने दख्खनचे दगड असे तपासले. दगड म्हणत होता की तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजला. आजचा अंदाज २५ ते ३० अंश दक्षिणेचा आहे आणि मुंबई आहे १९ अंश उत्तरेला. म्हणजे सुमारे ५,००० किलोमीटरची मजल. भागिले साडेसहा कोटी वर्षे, की वर्षाला साडेसात सेंटीमीटर येतात. ही झाली सरासरी. सुरुवातीला वेग याच्या दुपटीच्या आसपास होता.

मग सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा तळ संपला आणि भारताचा काठ आशियाला भिडला. खंडाचा खडक हलका, तो बुडत नाही. तो चुरगळला, एकावर एक चढला. तिबेटखाली कवचाची जाडी ७० किलोमीटर आहे, एरवी असते त्याच्या दुप्पट. काठावरचा चिखल आणि त्यातले शंख या चुरगळण्यात वर उचलले गेले.

ही टक्कर अजून चालू आहे. हिमालयात भारत आणि आशिया वर्षाला सुमारे २ सेंटीमीटर जवळ येतात, पण भ्रंशावर, म्हणजे खडक जिथे एकमेकांवरून सरकतात त्या भेगेवर, ते अडकून बसतात. ताण साचतो, आणि मग एका झटक्यात हिशेब चुकता होतो. २५ एप्रिल २०१५ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा काठमांडूखालची जमीन काही सेकंदांत जवळजवळ एक मीटर वर आली. सुमारे ९,००० माणसे गेली. किल्लारी मात्र कोणत्याही बांधापासून शेकडो किलोमीटर आत होती. १९९३ साली गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, तिथली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. उत्तरेकडच्या रेट्याचा ताण भूपट्टाच्या पोटातही पसरतो आणि एखाद्या जुन्या, झाकलेल्या भेगेवर मोकळा होतो, एवढे त्यातून कळले.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उपग्रहांच्या मदतीने जागा मोजणारे केंद्र आहे. पायाखालची जमीन ईशान्येकडे वर्षाला ५ सेंटीमीटरच्या थोडी वर सरकते, असे त्याची नोंद सांगते. आजीने लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षे त्या शाळिग्रामाची पूजा केली. तेवढ्या काळात तो तिच्यासकट, घरासकट आणि अंगणातल्या तुळशीसकट तीन मीटर पुढे गेला. आमच्या घरात देवघरापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत तेवढेच अंतर होते.