उभ्या जहाजालाही डिझेल लागतं

"जहाज उभं आहे म्हणजे डिझेल वाचतंय," हे वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मशेजारी माल चढवणारं पुरवठा जहाज नांगर टाकत नाही. खाली समुद्रतळावर तेल-वायूच्या पाइपलाइन असतात. वारा-लाटांशी झुंजत थ्रस्टरच, म्हणजे डिझेल जनरेटरच्या विजेवर फिरणारे पंखेच, त्याला जागेवर धरतात. एक जनरेटर बंद पडला तर जहाज प्लॅटफॉर्मवर आदळेल, म्हणून दुसराही कमी लोडवर चालूच ठेवतात. खरी उधळपट्टी इथेच: अशा लोडवर विजेच्या प्रत्येक युनिटमागे डिझेल जास्त जळतं, धुराड्यात काजळी साचते. हा राखीव भार बॅटरीने उचलला की एक इंजिन निर्धास्तपणे बंद ठेवता येतं. नॉर्वेच्या 'वायकिंग एनर्जी' या पुरवठा जहाजावर 2016 मध्ये याचसाठी बॅटरी बसवली.